खालचा डावा कोपरा

[कपडे धुवायच्या दुकानातला बाक. दोन मैत्रिणी, एकीचं टोपणनाव भोंगा, दुसरीचं वकील. समोर मशीन फिरतंय.]

भोंगा: तू आता फक्त ऐक. मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि “मग तिने तेव्हाच का नाही सांगितलं” हे तर अजिबात विचारायचं नाही.

वकील: मी अजून तोंडही उघडलेलं नाही.

भोंगा: भुवई उचललीस. तर आमची तायडी. तिने मला गळ्याची शपथ घातलीय, हे कोणाला सांगायचं नाही म्हणून.

वकील: मग मला का सांगतेस?

भोंगा: तू काय परकी आहेस? ऐक. तायडी ते मोठं स्कॅनचं मशीन चालवते हे तुला माहितीये, पण दवाखान्यात नाही, संशोधनवाल्यांकडे. तिथे काय करतात, तर माणसाला त्या बोगद्यात आडवं करतात आणि डोळ्यांसमोर फोटो दाखवत बसतात. झाड, घोडा, पूल, म्हातारी, एकेक तीन सेकंद. फोटो बघताना मेंदूत कुठे कुठे रक्त धावतं ते मशीन टिपतं. असे हजारो फोटो, महिनोन्‌महिने. त्यावरून कॉम्प्युटर शिकतो, की रक्त असं धावलं म्हणजे समोर घोडा. आणि मग त्या माणसाला नवाच फोटो दाखवायचा, कॉम्प्युटरने कधीच न बघितलेला, आणि कॉम्प्युटरने नुसतं ते रक्त बघून तो फोटो काढून दाखवायचा.

वकील: म्हणजे मनातलं वाचतात.

भोंगा: मनातलं नाही गं, डोळ्यांतलं. समोर आहे तेवढंच. तुझी आई नाही का, आत बसून नुसत्या किल्लीच्या आवाजावरून सांगते कोण आलं ते. पण तू मनात काय घेऊन आलीस हे कळतं का तिला?

वकील: कळतं.

भोंगा: तुझ्या आईला सोड. तर त्यांना माणसं मिळेनात. दीड तास न हलता पडून राहायचं म्हणजे काय खाऊ आहे? कोणाचं नाक खाजतं, कोणाचा जीव घाबरतो. तायडी घरी सहज बोलली, तर तिचे सासरे म्हणाले, मी येतो. शाळेची बस चालवतात ते. एकतीस वर्षं. बसला ओरखडा नाही. पहिल्या वर्षीच्या पोरांची पोरं आता त्याच बसमधून जातात. म्हणाले, चाळीस कार्ट्यांच्या कलकलाटात मी डोकं शांत ठेवून बसतो, तुमचं मशीन असं काय मोठं खडखडतंय. आणि गेले. दर रविवारी, पाच महिने. दगडासारखे पडून राहायचे. कागदावर त्यांचं नाव नाही, नुसता “चार नंबर”. आणि चार नंबरची चित्रं सगळ्यात भारी यायला लागली. तिथल्या साहेबांनी ती भिंतीवर लावली. तायडीची मान ताठ.

वकील: इथपर्यंत सगळं गोड आहे. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

भोंगा: थांब की. आता त्यांची एक पद्धत सांगते, तिथेच सगळी मेख आहे. एका स्कॅनवरून कॉम्प्युटर एक चित्र काढत नाही. सोळा काढतो.

वकील: सोळा कशाला?

भोंगा: कारण त्यालाही पक्कं कुठे माहीत असतं. रक्तावरून त्याला अंधुक कळतं, इथे काहीतरी उभं, तिथे काहीतरी हिरवं. बाकीचं तो पदरचं घालतो. जगातले इतके फोटो बघून बसलाय की कुठे भोक पडलं तर ठिगळ लावतो, आणि ठिगळ असं बेमालूम की शिवण दिसणार नाही. मग तिथला प्रोग्रामर, त्याला तायडी चष्मेबहाद्दर म्हणते, तो सोळातलं सगळ्यात जुळणारं एक उचलतो आणि खऱ्या फोटोशेजारी लावतो. उरलेली पंधरा “रद्दी” नावाच्या फोल्डरमध्ये.

वकील: सोळा दगड मारायचे आणि आंब्याला लागलेला तेवढा दाखवायचा.

भोंगा: तायडी हेच म्हणाली त्याला. तर म्हणे, असंच असतं. पुढे झालं काय, डिस्क भरली. साहेब तायडीला म्हणाले रद्दी पुसून टाका. आता तिचा स्वभाव. ती जुना पेपरसुद्धा वाचल्याशिवाय रद्दीत देत नाही. बसली उघडून. पहिलाच फोटो, बाकावर बाई, मागे कुंपण, आणि खाली डाव्या कोपऱ्यात कुत्रा. चांगला वासराएवढा. चार नंबरची सोळा चित्रं काढली. सोळांत बाई आहे. सोळांत कुंपण आहे. कुत्रा एकातही नाही. कुठे त्या जागी गवत, कुठे डबकं, कुठे पाला. एकात तपकिरी पिशवी होती, चष्मेबहाद्दराने तेच चित्र उचललं होतं आणि खाली लिहिलं होतं, कुत्रा.

वकील: शाबास.

भोंगा: तिने दुसरा फोटो उघडला. तिसरा. पंचविसावा. सगळीकडे वर ठीक, उजवीकडे ठीक, मध्ये ठीक. खालचा डावा कोपरा मात्र सोळांत सोळा प्रकारचा. खरं जे आहे ते सोडून सगळं. आणि बाकीच्या नंबरांची रद्दी बघितली, तर त्यांचा तो कोपरा धड.

वकील: मशीन बिघडलं असेल.

भोंगा: तिला पण तेच वाटलं. डोक्यावर एक पिंजरा बसवतात, त्याचा एखादा तुकडा मेला असेल. सकाळी लवकर गेली, माणसाच्या जागी ती पाण्याची बाटली ठेवतात ना तपासायला, ती ठेवली. पिंजरा ठणठणीत. मग संशय चष्मेबहाद्दरावर. त्याने चार नंबरसाठी काहीतरी घोळ केला असणार. तो इतका चिडला की चष्मा काढून पुसायला लागला. म्हणाला, तुम्ही मशीन चालवा, गणित आम्ही बघतो.

वकील: मग राहिलं कोण? सासरे.

भोंगा: तिला ते नको होतं गं. म्हणून तिने शेवटचा उपाय केला. पुढच्या रविवारी फोटोंच्या ढिगात वीस फोटो उलटे करून सरकवले. म्हणजे आरशात दिसतात तसे, डावीकडचं उजवीकडे. कुत्रा आता उजव्या कोपऱ्यात. कोणाला सांगितलं नाही. आणि चित्रं काढून घेतली तर काय, कुत्रा आला. सोळांतल्या चौदात, शेपटीसकट. आणि आता कुंपणाच्या खालची डावीकडची झुडपं गायब.

वकील: म्हणजे मशीन बरोबर, कॉम्प्युटर बरोबर.

भोंगा: आणि माणसाला तो कोपरा दिसतच नाही.

वकील: पण थांब. ते बस चालवतात ना? लायसन्सला डोळे तपासतात की.

भोंगा: तपासतात. भिंतीवरची अक्षरं वाचून घेतात. त्यात नजर फिरवायला मोकळीक असते. बोगद्यात तसं नाही, मध्ये एक लाल टिकली असते, तिच्यावरून नजर हलवायची नाही. एरवी आपले डोळे सतत भिरभिरतात, त्यात ते भोक झाकलं जातं. तायडीने नाव न सांगता एका डोळ्यांच्या डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, डोळ्यांतला दाब वाढला की होतं असं. दुखत नाही. कित्येकांना कळतही नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाने टिकतं.

वकील: त्यांना माहीत होतं?

भोंगा: बघ, तू वकील उगाच नाहीस. तायडीच्या मानगुटीवर हेच बसलं. माणसाला माहीत नसेल तर बिचारा. माहीत असेल आणि तरी रोज चाळीस पोरं घेऊन निघत असेल तर? ती घरात त्यांच्याकडे चोरासारखी बघायला लागली. त्यांच्या डाव्या नडगीवर खरचटलेलं असतं नेहमी. का? जिना उतरताना हात भिंतीला लावून उतरतात. का? मागच्या वर्षी त्यांनी बसच्या पुढे एक जादा गोल आरसा बसवून घेतला. आणि पोरांना सक्त ताकीद, उतरल्यावर बसच्या पुढून जायचं नाही, मागूनच जायचं. शाळेने त्यासाठी त्यांचा सत्कार केला होता. आता सांग, हा माणूस काळजी घेतोय की लपवतोय?

वकील: दोन्ही असू शकतं.

भोंगा: तायडीची झोप उडाली. एकदा तर तिने, सांगायला लाज वाटते, दाराच्या तोंडाशी डावीकडे मुद्दाम रिकामी बादली ठेवली. स्वतःच्या सासऱ्यांच्या वाटेत. आणि आत भांडी आवरायचं नाटक करत उभी.

वकील: आणि?

भोंगा: ते आले, उंबऱ्याशी थांबले, मान खाली घालून बघितलं, बादली उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाले, हल्ली या घरात वस्तू जिथल्या तिथे नसतात. झालं. आता ह्यावरून काय समजायचं? दिसली म्हणून थांबले, की कुठेही थांबून बघायची सवयच लावून घेतलीय? आणि वाक्य टाकलं ते कोणाला? तायडी म्हणते, त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की तेच माझ्यावर नजर ठेवून आहेत.

वकील: नवऱ्याला सांगायचं.

भोंगा: सांगितलं. भाऊजी म्हणाले, बाबा सात महिन्यांनी निवृत्त होतायत. तुझा कॉम्प्युटर ढगात हत्ती बघतो आणि तू माझ्या बापाला आंधळा ठरवतेस. दोन दिवस बोलले नाहीत. मग ती साहेबांकडे गेली. म्हणाली, चार नंबरच्या नजरेत खोट आहे, त्यांना कळवायला हवं. साहेब म्हणाले, आपण डॉक्टर नाही, संमतीच्या कागदावर त्यांची सही आहे, इथली माहिती इथेच राहते, आणि चार नंबरचे निकाल सगळ्यात चांगले आहेत, आत्ता काही हलवू नका. तायडीला खटकलं ते वेगळंच. साहेबांना आश्चर्य वाटलं नाही.

वकील: अं?

भोंगा: म्हणजे माणूस दचकतो ना जरा. हे नुसते पेनाचं टोपण लावत बसले. तिने जाऊन साहेबांचा अहवाल काढला. चार नंबरची बारा चित्रं छापलीत त्यात. बाराच्या बारा फोटोंत खालचा डावा कोपरा मोकळा. वाळू, फरशी, हिरवळ, पाणी. एकातही त्या कोपऱ्यात वस्तू नाही.

वकील: कोणीतरी वेचून घेतलेत.

भोंगा: किंवा योगायोग.

वकील: बारापैकी बारा?

भोंगा: तायडीने पण बोटांवर मोजलं आणि फाइल बंद केली. म्हणाली, ह्यांचं मी नंतर बघते, माझ्या घरात बस चालवणारा माणूस आहे. रविवारी दुपारी भाऊजी बाहेर गेलेले. सासरे पेपर घेऊन टेबलाशी. तिने कुत्र्याचा फोटो समोर ठेवला. म्हणाली, बाबा, यात काय काय दिसतं? त्यांनी पटापट सांगितलं, बाई, कुंपण, कुत्रा. नजर फिरवली ना. मग ती म्हणाली, आता मी बाईच्या नाकावर बोट ठेवते, बोटाकडेच बघायचं, दुसरीकडे नाही. आता सांगा. ते म्हणाले, बाई, कुंपण. आणि थांबले. तिने विचारलं, “आणि कुत्रा?” तर म्हणाले, “आत्ता तर होता.”

वकील: अरे देवा.

भोंगा: तायडी म्हणते, तेव्हाच कळलं मला, इतकं नाटक कोणाला येत नाही. तिने विचारलं, तिथे काय दिसतंय मग, काळं दिसतंय का, रिकामं? ते म्हणाले, “काळं कशाला? गवत आहे तिथे.” अगदी नीट दिसतंय, म्हणाले, हिरवं गवत. तिने बोट तसंच ठेवलं. ते बोटाकडेच बघत बसले, लहान मूल बसतं तसे. आणि मग हळूच म्हणाले, “म्हणजे बसमध्ये मला तिथे रस्ताच दिसत असणार.”

वकील: त्यांच्या डोक्यानेही ठिगळ लावलं.

भोंगा: हो ना. कॉम्प्युटर लावतो तसंच. मग तोंड उघडलं त्यांनी. मागच्या वर्षी एक पोर बसच्या पुढ्यात एकदम उगवलं होतं. जमिनीतून आल्यासारखं. ब्रेक लागला, काही झालं नाही. त्यांनी मनाची समजूत घातली, धावत आलं असेल. पण दुसऱ्याच दिवशी जाऊन तो आरसा बसवून घेतला.

वकील: म्हणजे माहीत होतं.

भोंगा: माहीत होतं म्हणू नकोस. शंका होती म्हण. ती कोणाकडे नेली नाही, कारण नेली असती तर किल्ली काढून घेतली असती.

वकील: माझ्या लेखी ते माहीतच.

भोंगा: तू पोरांच्या बाजूने बोलतेस, बरोबर आहे तुझं. पण ते काय म्हणाले ऐक. या शुक्रवारी शाळेचं सत्र संपतं. म्हणाले, “पाच दिवस दे. पुढच्या सोमवारी मी स्वतः जाऊन किल्ली ठेवतो, सगळं सांगतो. एकतीस वर्षं चालवलीय गं. मला मधल्याच थांब्यावर उतरवू नकोस.” सासरे सुनेपुढे हात जोडत नाहीत, ह्यांनी जोडले. आणि तिला काय वाटलं सांगू? इतक्या दिवसांचा संशय पक्का केला, त्यांना बोगद्यात नेलं तिने, संमतीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही तिची, आणि आता त्यांच्या नजरेतलं भोक तिच्या हातात. तिला स्वतःचीच किळस आली.

वकील: मग थांबली ती.

भोंगा: थांबली पण आणि नाही पण. म्हणाली, पाच दिवस, पण मी पुढच्या सीटवर बसणार. रजा टाकली. बसमध्ये ती बाई असते ना पोरं मोजणारी, ती मागे बारक्यांजवळ असते. तिला सांगितलं, सर्व्हे चाललाय. आणि सोमवारी सकाळपासून तायडी त्या काचेशी बसून त्यांना तो कोपरा वाचून दाखवते. डावीकडे सायकल. डावीकडे मुलगी, लाल दप्तर. डावीकडे काही नाही. ते नुसती मान हलवतात. गाडी बैलगाडीसारखी चालवतात. मंगळवारपासून पोरांना वाटायला लागलं हा खेळ आहे, तर आता सगळी एका सुरात ओरडतात, डावीकडे काही नाही.

वकील: आणि शाळेला पत्ता नाही.

भोंगा: नाही.

वकील: त्या पोरांच्या आयांना पत्ता नाही.

भोंगा: नाही गं. तेच तर. काल काय झालं, म्हणजे झालं काहीच नाही. कालच्या एका थांब्यावर साहेबांचा फोन आला, तायडीने नाव बघायला खाली बघितलं. वर बघितलं तर बस चौक ओलांडून पलीकडे. पोरं गात होती, डावीकडे काही नाही, आणि सासऱ्यांनी त्या गाण्यावर गाडी काढली होती. कोणी नव्हतं तिथे. नसणारच. पण ती म्हणते, तो चौक मी बघितलेला नाही, आणि माझ्या डोक्यात तो मोकळा दिसतोय. अजून दिसतोय.

वकील: फोन कशाचा होता?

भोंगा: उद्या लॅबमध्ये मोठे पाहुणे येतायत, चार नंबरचे निकाल बघायला. मशीनवर तायडीच हवी, रजा रद्द. म्हणून आज दुपारी तिने मला फोन केला. म्हणाली, उद्या एकच दिवस आहे, सकाळची फेरी आणि दुपारची फेरी. तू बस.

वकील: तू?

भोंगा: मी.

वकील: तुला स्वतःची चप्पल सापडत नाही.

भोंगा: तेच म्हणाले मी. तर ती रडायला लागली. तायडी रडत नाही गं कधी. म्हणाली, मग शाळेला फोन कर, मी करू शकत नाही, माझ्या तोंडून निघणार नाही. नंबर पाठवून दिला. तो बघ. म्हणजे एक फोन केला, तर तो म्हातारा उद्या शेवटच्या दिवशी फाटकाशी उभा राहणार, आणि बस दुसरा कोणी काढणार. त्याला कळणार की सुनेने शब्द मोडला. भाऊजींना कळणार, लॅबला कळणार, तिची नोकरी पण गेली समज. आणि नाही केला, तर चाळीस पोरं, आणि त्या कोपऱ्याला मी.

वकील: बस किती वाजता निघते?

भोंगा: सहा चाळीसला. शाळेचं ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं.

वकील: आत्ता साडेचार झालेत.

भोंगा: माहितीये. मी मघापासून त्या मशीनकडे बघतेय आणि मला त्यात एकही कपडा धड दिसत नाहीये. सांग ना. तू असतीस तर काय केलं असतंस?